फाटकाजवळचं लिंडन
नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास आला की बॉबलिंगेन या जर्मन शहरातले माझे म्हातारे घरमालक आठवतात. त्यांना विस्मरणाचा आजार होता. फाटकाजवळच्या लिंडनच्या झाडावरून ते घर ओळखत. घरात उजेड यावा म्हणून त्यांच्या मुलीला ते तोडायचं होतं, पण त्या संरक्षित जुन्या वस्तीत नगरपालिकेची परवानगी लागे. ती म्हणाली, “फांद्या धोकादायक आहेत, एवढं भाडेकरू म्हणून लिहून द्या.” फांद्या धडधाकट होत्या, पण खोली जाईल या भीतीने मी सही केली. झाड तोडलं त्या संध्याकाळी घरमालक बाहेरून परतताना फाटकावरून सरळ पुढे निघाले. मी खिडकीतून हाक मारली. “माझ्या घरापाशी झाड आहे,” ते नम्रपणे म्हणाले. मी खाली पोचेपर्यंत ते दिसेनासे झाले. सकाळी तळ्याकाठी त्यांचा गारठलेला देह सापडला. “तुमची काही चूक नाही,” मुलगी रडत म्हणाली. वीस वर्षं होत आली. अजूनही त्या वासाबरोबर मला माझी सही आठवते.