मिस कॉल म्हणजे ठीक

पंप रूमचं लोखंडी दार मागे धाडकन लागलं. आतून मूठ नव्हती. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

मी सिक्युरिटी गार्ड आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या बिल्डिंगवर असते. रविवारी ऑफिस बंद, म्हणून ड्युटीला एकच गार्ड. त्या दुपारी बेसमेंटमधून पाण्याचा आवाज आला, म्हणून बघायला उतरले. पाइप फुटला होता. आत जाताना त्या दाराला वीट लावायची असते. हे प्लंबरला माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोटर चालू होती. तिचा स्विच बाहेर जिन्यापाशी. आत भिंतीवर बोर्ड, वायरी खाली लोंबलेल्या. पाण्यात करंट उतरेल या भीतीने मी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढले.

सुपरवायझर कदमांना फोन लावला. एक रिंग गेली आणि कट झाला. खाली रेंज नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मेसेज जाईना.

मग लक्षात आलं. आमच्यात ठरलेलं होतं, गार्डने दर तासाला मिस कॉल द्यायचा. मिस कॉल म्हणजे ठीक. कदम तो उचलत नाहीत, उलट फोनही करत नाहीत. मला फोनवर बोलायचा संकोच, त्यामुळे ही पद्धत बरी वाटायची. आता मी जितके फोन करत होते, तितकी ठीक होत होते.

म्हणजे फोन करायचाच नाही. तासाचा मिस कॉल चुकला तरच ते येणार.

फोन हातात धरून गप्प उभी राहिले. पाणी डब्याच्या निम्म्यावर आलं. वायरी पाण्याला टेकायला बोटभरच अंतर उरलं. बोट सारखं बटणाकडे जायचं. एकदा दाबणार होते, मग फोन बंदच करून टाकला.

तास टळून गेला आणि शेवटी कुणीतरी बाहेरून मोटर बंद केली. दार उघडलं. कदम धापा टाकत होते.

"मावशी, फोन बंद का तुमचा?"

"आधी केले होते ना इतके."

"मला वाटलं, आज जरा जास्तच ठीक आहात."

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मी दाराशी उभी.

"गार्ड तुमची," कंपनीच्या अॅडमिन मॅडम म्हणाल्या.

"बिल्डिंग तुमची," आमच्या एजन्सीचे साहेब म्हणाले.

कंपनीचे वकील स्पीकरवर होते. "सावकाश भांडा. बाईंना काही झालं असतं, तर दोघांनाही कोर्टाचं बोलावणं आलं असतं. एकटा माणूस ठेवायचा तर आधी जागेतले धोके बघायचे, त्याला दाखवायचे, तिथून फोन लागतो का ते तपासायचं. आणि उत्तर नाही आलं तर कोण जाणार, हे ठरवायचं. यातलं काय केलंत?"

मॅडमनी पेन काढून यादी करायला घेतली.

आता दाराला मूठ आहे, खाली इंटरकॉम आहे. बेसमेंटमध्ये एकटीने उतरायचं नाही. मिस कॉल बंद, बोलायचं. पहिल्या दिवशी मी नुसतं "ठीक" म्हणाले.

"मावशी, एवढं तर मिस कॉलही सांगायचा. कुठे आहात ते बोला," कदम म्हणाले.

हल्ली बोलते. एकट्या माणसाचा फोन आला तर तो उचलावा. एवढं कळायला वकील लागायला नको होता.