स्लायडर आणि आमचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका, म्हणजे आमच्या दादांइतका, वर बघणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा नसेल. फौजेत असताना त्यांनी उमेदीची सारी वर्षं विमानातून उड्या मारण्यात घालवली आणि पेन्शनीत निघाल्यावर शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर हौशी मंडळींना तेच शिकवू लागले. उडी काय, कुणीही मारतो, असं त्यांचं मत. खरी परीक्षा पॅराशूट उघडल्यावर. ते एकदम फाडकन उघडलं तर माणसाची हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून त्याच्या दोऱ्या एका कापडी चौकोनातून ओवलेल्या असतात. तो चौकोन आधी दोऱ्या आवळून धरतो आणि मग घसरत घसरत डोक्यापाशी येतो. त्याचं नाव स्लायडर. वर बघायचं, चारपर्यंत मोजायचं, तो पुरता खाली आला का ते पाहायचं, फडफडायला लागला की ओढून मानेमागे खोचायचा आणि मगच दिशा धरायची. एवढंच शास्त्र. पण दादांनी ते जमिनीवर उतरल्यावरही सोडलं नाही.

मलकपेठेतल्या त्यांच्या घरी कडी काढल्याचा आवाज येई, दार मात्र चार मोजून झाल्यावर उघडे. आबिड्सच्या रस्त्यात भर पावसात साधी छत्री उघडली तरी ते मान वर करून तिच्या काड्या तपासत, तोवर शेजारी मी निथळत असे. भांडणात तर हा माणूस अगदीच निरुपयोगी. एका रिक्षावाल्याने एकदा त्यांना भरपूर सुनावलं आणि हे मान वर करून मोजत उभे. दादांचे चार होईपर्यंत तो बिचारा स्वतःच वरमला आणि म्हणाला, "चाचा, कुछ तो बी बोलो." फडफडणारी वस्तू तर त्यांना मुळीच खपत नसे. माझ्या मफलरचं टोक ते न विचारता मागे खोचून टाकत. स्कूटरवर ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, पदर उडायला लागला की रेसकोर्सपाशी स्कूटर थांबवत आणि मागून भोंगे वाजत असताना दोन्ही हातांनी तो नीट खोचून देत. ताई लाजत की चिडत, हे मला कधी कळलं नाही.

मग तेलंगण वेगळं होऊन राज्याची वाटणी झाली आणि तिच्याबरोबर सरकारी नोकरांचीही. ताई सरकारी कचेरीत कामाला होत्या, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि त्यांचं नाव निघालं आंध्राच्या यादीत. आमच्या ओळखीतली कितीतरी घरं तेव्हा अशी दुभंगली होती, एक माणूस इथे, एक विजयवाड्याला. दादांचं सगळं सुख त्या धावपट्टीवर. ते काही जायचे नाहीत, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ताईंनी ऑर्डरचा कागद टेबलावर ठेवला, तेव्हा मी आणि बायको तिथेच होतो. दादांनी सवयीने मान वर केली.

"आज मोजू नका जी," ताई म्हणाल्या. "काय असंल ते बोला. मला एकटीला नाही जमायचं तिकडं."

दादांची मान तिथल्या तिथे खाली आली. एकसुद्धा मोजला नाही.

"एकटी कायको जातीस?" ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अरे, दोन तिकिटं काढ."

नामपल्ली स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. मफलरचे दिवस नव्हते, म्हणून दादांनी माझी कॉलर सारखी केली, जयभीम म्हणाले आणि डब्यात चढले. गाडी हलली तसा खिडकीतून ताईंचा पदर बाहेर येऊन फडफडू लागला. मी आपोआप मोजायला लागलो. तीनपर्यंत आलो असेन, तेवढ्यात आतून दोन ओळखीचे हात आले आणि त्यांनी तो हळूच आत ओढून घेतला. मला रडू आलं, हे सांगायला आता हरकत नाही.

मलकपेठेच्या घरात सध्या भाडेकरू आहेत. दादांचं टपाल आणायला मी अधूनमधून जातो. कडी निघते आणि दार लगेच उघडतं. माझे चार तसेच राहून जातात.