हुलग्याच्या भुसाखालचा दगड

शिरूरच्या कोर्टात वकिली सुरू करून सात-आठ वर्षं झाली तेव्हा मी मोटार घेतली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतले एक गोरे गृहस्थ सगळं विकून विलायतेला चालले होते. त्यांच्या पियानोला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि मोटारीला मी मिळालो. वयानं ती माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनीच धाकटी असावी. चढ आला की ती थांबून विचार करायची. पण त्या काळात शिरूरच्या वकिलांत मोटार असलेला मी एकटाच. त्यामुळे माझी मान जरा ताठ झाली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दौंडच्या बाजूलाही माझी बरीच कामं असायची. तिकडून परतताना खुटबाव मागं टाकलं की राहूच्या अलीकडे एक गाव लागायचं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं आता वाचायला शिकली आहेत. त्या गावाला नुकताच डांबरी रस्ता झाला होता. त्यासाठी गावानं वर्षानुवर्षं अर्ज केले होते, तालुक्याला खेटे घातले होते. आणि रस्ता झाल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर त्यावर हुलगे पसरले.

पूर्वी मळणी म्हणजे खळं चोपा, सारवा, बैलांची पात धरा. आता सरकारनं काळंकुळकुळीत खळं आयतंच करून दिलं होतं. हुलग्याच्या वाळलेल्या वेली रस्त्यावर अंथरायच्या, वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटून दाणे मोकळे. अडचण एवढीच होती की गाड्या नव्हत्या. दिवसाची एक एसटी, गुळाचे एक-दोन ट्रक आणि आठवड्यातून एकदा मी. त्यातही ड्रायव्हर लोक वेली चुकवून कडेनं गाडी काढायचे. म्हणून गावकऱ्यांनी दोन्ही कडांना डोक्याएवढे दगड मांडले. आता ज्याला जायचं असेल त्यानं हुलग्यावरूनच जावं.

सगळ्यात जास्त हुलगे आबांचे. आबा गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि माझे अशील. भावकीचा, हद्दीचा आणि पाण्याच्या पाळीचा असे तीन दावे त्यांनी माझ्याकडे दिले होते. एकदा ते रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. मला वाटलं, चौथा दावा आला.

"वकीलसाहेब," आबा म्हणाले, "आलाच हाय तर एक उलटी फेरी मारून जावा की. मोटार जड हाय तुमची. एसटीपरास बरं मळतंय."

एसटीपेक्षा माझी मोटार बरी, हे ऐकल्यावर मी एक नाही, तीन फेऱ्या मारल्या. आबांनी काकवीचं मडकं दिलं. पुढं तो रिवाजच पडला. मी दिसलो की बायका सुपं घेऊन बाजूला व्हायच्या आणि मी गंभीर चेहऱ्यानं हुलगे मळायचो. आपला कुणाला उपयोग होतोय असं वाटलं की माणूस पेट्रोलकडे बघत नाही. कोर्टात तर असा उपयोग क्वचितच व्हायचा.

या सगळ्यात एकच माणूस नाराज असायचा, तो म्हणजे चाचा. चाचा त्या मैलाचे मैलकुली. रस्त्याचा एकेक मैल एकेका माणसाकडे असायचा. खड्डे मुरुमानं बुजवायचे, कडेचे चर काढायचे, रस्त्यावर काही पडलं तर उचलायचं. चाचा गावच्या मुलाण्याच्या घरातले, वय पन्नाशीच्या पुढं, छातीवर खात्याचा पितळी बिल्ला. जमीन नावाला होती. मास्तर सोडले तर दरमहा पगार येणारं गावात तेवढं एकच घर. बिल्ला ते रोज चिंचेनं घासत. सरकारी रस्त्यावर दगड मांडणं त्यांना बघवत नसे, पण आबांच्या दगडाला हात लावायची छाती गावात कुणाचीच नव्हती. शेवटी कुणी न बोलताच एक ठरून गेलं. हुलगे उचलले की दगड चाचांनी उचलायचे.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी दौंडहून येत होतो. आदल्या दिवशीच हुलगे उचलले होते आणि रस्त्यावर नुसतं भूस उरलं होतं. रस्ता मधून मोकळा होता, कुणी हात केला नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसानं गाडी भूस चुकवून नेली असती. पण माझ्या हाताला वळण लागलेलं. मी सरळ भुसात गाडी घातली. वाऱ्यानं भूस कडेला सरकून एका दगडावर चढलं होतं. खाडकन आवाज झाला आणि मोटारीनं सगळं तेल डांबरावर ओतलं.

ऑइलचं चेंबर फुटलं होतं. आबा धावत आले, चुकचुकले आणि आपली बैलजोडी जुंपून दिली. बैल जुंपले जात होते तेव्हा चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, सकाळी काढाय आलो व्हतो मी दगड. आबा म्हणले, ऱ्हाऊ द्या, उद्या आनखी हुलगा पडायचा हाय." मी नुसती मान हलवली. मग बैलांच्या मागं स्टिअरिंग धरून मी दौंडपर्यंत गेलो. तो बाजाराचा दिवस होता. ज्यांना माझी मोटार कधी दिसली नव्हती, त्या सगळ्यांनी ती त्या दिवशी निवांत पाहून घेतली.

मिस्त्रीनं सांगितलं, चेंबर मुंबईहून मागवावं लागेल. भरपाई मागायची हे माझं तिथंच ठरलं. वकिलाचं चेंबर फुकट फुटून कसं चालेल? प्रश्न होता, मागायची कुणाकडं. हुलगे आबांचे, दगड आबांच्या बांधावरचे, ठेवायला सांगितलं तेही आबांनीच. इतका सरळ दावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. पण ज्या झाडाची फळं खायची त्यावर कुऱ्हाड कोण घालतो? तीन दावे चालू होते आणि आबांच्या शब्दावर अर्धं गाव माझ्याकडं यायचं. तेव्हा मी रस्त्याच्या खात्याला नोटीस दिली. रस्ता तुमचा, तो निर्धोक ठेवणं तुमचं कर्तव्य, हयगय तुमची. चार पानं इंग्रजी लिहिलं. हुलग्यांचा उल्लेख मी टाळला आणि माझ्या फेऱ्यांचा तर अर्थातच टाळला. दगड नुसता 'आढळला' होता.

तीन महिन्यांनी खात्यानं पाहणीसाठी एक ओव्हरसियर पाठवला. तरुण, सडपातळ, कायम घाम पुसणारा मुलगा. दौंडहून आम्ही एसटीनंच निघालो. वाटेत तो म्हणाला, "वकीलसाहेब, एक सांगून ठेवतो. दगड होता हे कागदावर आलं की तो मैल ज्याच्याकडे आहे त्याची नोकरी जाणार. वरून तसा हुकूमच आहे. तुमची हरकत नाही ना?"

मी म्हणालो, "तो तुमच्या खात्याचा अंतर्गत प्रश्न आहे."

हे वाक्य कायद्यानं बरोबर होतं. त्यानं आणखी एकदा घाम पुसला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

गावात उतरलो आणि मी थक्क झालो. साहेब येणार ही बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि साहेब येणार म्हटलं की गाव झाडायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. साहेब कशाला येतोय, हे कुणी विचारत नाही. वेशीपासून ओढ्यापर्यंत रस्ता झाडून सडा घातला होता. मैलाचा दगड रंगवला होता. इतकंच नाही, तर हुलग्यांचे सगळे दगड कडेला ओळीनं लावून त्यांना चुना फासला होता. ज्यानं माझं चेंबर फोडलं तोही त्या ओळीत कुठंतरी पांढराशुभ्र होऊन उभा असणार. एक खडा सापडेल तर शपथ. आबांनी ओव्हरसियरला नारळ, टॉवेल, टोपी दिली. मलाही दिली.

पंचनाम्याला सगळं गाव जमलं. पहिल्या पंचाला विचारलं, इथे रस्त्यावर दगड होता का?

"आमच्या गावच्या रस्त्यावर? छ्या. रस्ता रोज आरशावानी असतुया."

दुसरा म्हणाला, वकीलसाहेबांच्या मोटारीचं वय झालं होतं, ती आपणहून फुटली. तिसऱ्यानं तर सांगितलं की त्या दिवशी मोटार गावात आलीच नाही. तिला ओढून नेणारी बैलजोडी त्याच्याच शेजारी रवंथ करत होती. मी आबांकडं पाहिलं. आबा लांबवर कुठंतरी पाहत होते. त्यांना दगड लपवायचा होता, बाकीच्यांना गावाची अब्रू राखायची होती, आणि दोन्ही कामं एकाच खोट्यात भागत होती.

ओव्हरसियर म्हणाला, "मग मी लिहितो, अडथळा आढळला नाही."

माझा तोल गेला. खोटारडा ठरायची मला सवय नव्हती. मी ओरडलो, "मग माझी मोटार काय वाऱ्याला धडकली? एक तरी माणूस आहे का इथं खरं बोलणारा?"

तेव्हा मागून चाचा पुढं आले. हातात घमेलं, छातीवर घासलेला बिल्ला.

"दगड व्हता, साहेब," ते ओव्हरसियरला म्हणाले. "वकीलसाहेब खोटं बोलत न्हाईत. म्या सोता बगितला व्हता."

"बघितला होता, मग उचलला का नाही?"

चाचांनी आबांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं मात्र पाहिलं, फार वेळ नाही, पण पाहिलं. मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"इसरलो," चाचा म्हणाले.

ओव्हरसियरची पेन्सिल थांबली होती. त्यानं पुन्हा विचारलं, "चाचा, नीट आठवून सांगा." चाचा पुन्हा तेच म्हणाले. मग त्यानं लिहिलं, अंगठा घेतला, मी सही केली. मला सगळं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं आणि वाक्यं बोलणं हाच माझा धंदा होता. निघताना आबा माझ्या कानाशी आले. "चाचानं पार लाज घालवली गावाची," ते म्हणाले. "पर असू द्या. त्येला ठिवून घीन माझ्याकडं कामाला."

मला भरपाई मिळाली. खास बाब म्हणून, असं पत्रात लिहिलं होतं. शिरूरच्या बार रूममध्ये माझं कौतुक झालं. खात्याकडून मोटारीचे पैसे काढणारा पहिला वकील म्हणून मी दोन दिवस चहा पाजला. तिसऱ्या दिवशी एका पक्षकाराकडून कळलं की चाचांचा बिल्ला जमा करून घेतला.

त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागेना. आठ-दहा दिवसांनी वकीलपत्राचा फॉर्म घेऊन मी त्या गावी गेलो. चाचा आबांच्या उसाला पाणी देऊन नुकतेच घरी आले होते, पाय चिखलानं भरलेले. त्यांनी घोंगडं टाकलं, आत चहा सांगितला. मी म्हणालो, "चाचा, आपण अपील करू. फी नको, खर्चही माझा. इतक्या वर्षांची नोकरी अशी काढता येत नाही."

"आन् अपिलात लिव्हायचं काय?"

"खरं ते. दगड कुणाचे होते, कुणी ठेवायला सांगितले."

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहाची बशी माझ्यापुढं सारली.

"साहेब, म्या इसरलो म्हणलो तवा तुमी माझ्या म्होरंच हुबं व्हता," ते म्हणाले. "तुमास्नी तर समदं म्हाईत व्हतं. मोटारवाल्या वकिलाच्यानं जे बोलवलं न्हाई, ते तुमी माझ्याकडनं वदवून घेताय व्हय? तुमास्नी शिरूरला जायाचं. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

 लाज वाटली, इतकी की चहा गार झाला तरी मी बशीत फुंकर घालत राहिलो. चाचांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. फॉर्म पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.