अंगावर उमटणारी गोळी

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची गोळी मिळते तिथे, मी समुपदेशक आहे. इथले किस्से बाहेर सांगायचे नाहीत, म्हणूनच ते इतके साचतात! नावं गाळून चार सांगते. गोळीने माणूस जगतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. भीती एकच: गावाला कळेल!

*

शेलूबाजारचे एक जैन दुकानदार. तेव्हाची जुनी गोळी घेतली की गरगरायचं, म्हणून ती झोपताना घ्यायची. पण काका सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाहीत! मग गोळी सूर्य मावळण्याआधी, आणि गल्ल्यावर बसून झोकांड्या.

"गिऱ्हाईक म्हनून राह्यले, शेठ दारू लावून बसते!"

मी म्हटलं, "काका, तुमची अब्रू?"

"बेवडा म्हनू द्या, मॅडम. दुसरं काही म्हनाले नको!"

*

त्याच गोळीने भयानक स्वप्नंही पडायची. इंझोरीकडचा एक ट्रॅक्टरवाला घर सोडून शेतात झोपायला लागला.

"अरे, सापाची भीती नाही वाटत?"

"साप चावला तं मीच मरन. घरी झोपेत बरळलो तं?"

*

मेडशीची एक सून. नव्या गोळीने तिचं वजन वाढलं, पोट सुटलं. सासू खूश! डोहाळे विचारायला लागली, सोनोग्राफीला न्यायचं म्हणाली.

"मॅडम, पोट उतरावं म्हून मी गोळी एक दिवसाआड घेऊन राह्यली."

अशा अर्धवट डोसाने रोग औषधाला जुमानत नाही, आणि आमच्याकडे पुढची औषधं मोजकीच.

"अगं, मरशील!"

"मरन सांगता येते, मॅडम. हे पोट कायचं, ते सासूले कसं सांगू?"

*

एका विधवेची किडनी नाजूक, म्हणून तिची गोळी बदलली. नव्या गोळीने नखं काळी पडली. मी म्हटलं, "नेलपॉलिश लाव."

"विधवेनं? मंग तं गावभर बोभाटा!"

पुढच्या खेपेला आली, तर बोटं भाजलेली! मी घाबरले. पण ते गोळीने नव्हतं. ती गोडंबी काढायला बिबे फोडणाऱ्या बायांमध्ये बसायला लागली होती. बिब्याचं तेल कातडी जाळतं आणि नखं काळी करतं. तिथे सगळ्यांचीच काळी.

"आता कोनी इचारत नाई," ती म्हणाली. "पन काल एक नवी बाई आली. अजून एक बिबा फोडला नोता, अन् नखं काळीशार! बाया म्हने, 'तुही नखं आदीच काळी काहून वं?' थरथर कापून राह्यली बिचारी."

"मग?"

"मीच म्हनलं, 'माही बी फोडाच्या आदीच झालती!'"