लाइनीतला कडू घास

चिखल्याच्या खाणीवरचं क्वार्टर सोडलं त्या दिवशी आई शेवटपर्यंत अंगण झाडत होती. बाबा खाणीतून रिटायर झालेले, क्वार्टर कंपनीचं, किल्ली देणं भागच होतं. सामान टेम्पोत चढलेलं, मी त्यांना न्यायला पुण्याहून आलेली, गाडी चुकेल म्हणून ओरडतेय, आणि ही बाई खराटा सोडायला तयार नाही. उद्या इथे दुसरं कुणी राहणार, तू कशाला झाडतेस, असं विचारलं तर म्हणाली, "लाइनीतले लोक काय म्हनतीन?"

लाइन म्हणजे कामगारांच्या घरांची रांग. गोऱ्या साहेबाच्या राज्यात मजुरांना एका छपराखाली ओळीने कोंबायचे, त्याला हा शब्द. साहेब गेला, खाण राहिली, शब्दही राहिला. त्याने तो हिणवूनच ठेवला असणार. आम्ही मात्र आडनावासारखा मिरवला. वीज गेली की आम्ही 'लाइन गेली' म्हणायचो. रेशनला लाइन लागायची, आणि शाळेच्या वाटेवर पोरं लाइन मारायची ती वेगळीच. एवढ्या सगळ्या लाइनींत कधी गोंधळ झाला नाही. बाबांचं पालुपद एकच, "पोरी, चांगल्या लाइनले लाग." त्यांची नखं मँगनीजने कायमची काळी पडलेली. ज्या कामात नखं काळी होत नाहीत ती चांगली लाइन, एवढी सरळ त्यांची व्याख्या होती.

लागले की मी चांगल्या लाइनला. डिप्लोमा केला, चाकणच्या कारखान्यात चिकटले, आणि तिथेही लाइनच निघाली. पट्टा सरकतो, पार्ट समोर येतो, तपासायचा, पुढे सोडायचा. माझ्या शेजारी उभी राहते त्या मुलीचं गाव मला आजही माहीत नाही. बोलत बसलं की काम तुंबतं आणि सुपरवायझर येऊन उभा राहतो. नखं मात्र स्वच्छ आहेत, बाबांनी पाहिली आणि समाधान पावले.

एकदा सुट्टीच्या दिवशी सहज मोबाइलवर 'लाइन' या शब्दाचं मूळ शोधलं. सगळ्यात जुना अर्थ म्हणे जवसाच्या धाग्याचा दोरा. आमच्याकडे धान निघालं की भाताच्या बांध्यांमध्ये लाखोरीची डाळ आणि जवसच पेरतात, म्हणून मोठ्या हौशीने आईला सांगितलं. ती म्हणाली, "दोरा कायले? जवसाची तं चटनी करतेत." बाबा खोकला येईपर्यंत हसले. तो खोकला पुढे थांबलाच नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. वीजदाहिनीतून आम्ही दुपारीच परतलो. आईने अंघोळ केली, स्वयंपाकाचे दोन गंज घासले, उंबऱ्याबाहेर पालथे घातले आणि दार सताड उघडं ठेवून भिंतीला टेकून बसली.

लाइनीत ज्या घरी मयत झाली त्या घरी चूल पेटत नसे. माणसं घाटावरून येईपर्यंत शेजारच्या कौसल्याकाकूंचं वरण आलेलं असायचं, कुणाचा भात, कुणाची भाजी. ते ओतून घ्यायला घरचे घासलेले गंज उंबऱ्याबाहेर ठेवलेले असायचे. नळावरून ज्यांच्याशी झिंज्या उपटेपर्यंत भांडण, त्यांच्याकडूनसुद्धा यायचं. घरचे नको नको म्हणायचे आणि बायका जबरदस्तीने पहिला घास भरवायच्या. तो कडू घास. आई त्याचीच वाट बघत होती. सातव्या मजल्यावर बसून ती शेजाऱ्यांची वाट बघत होती!

शेजारी वाईट नाहीत हो. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली होती. समोरच्या बाईंनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार लावलं. थोड्या वेळाने ग्रुपवर आणखी एक मेसेज आला: मजल्यावरच्या मोकळ्या जागेत कृपया भांडी ठेवू नयेत. माझं डोकंच फिरलं. त्याच मोबाइलवरून जेवण मागवायला घेतलं तर आई म्हणाली, "इकत आनलेला कडू घास असते का कोठी?"

मी मोबाइल खाली ठेवला. अंधार पडला तशी तिने दाराकडे बघणंही सोडलं.

तेवढ्यात कौसल्याकाकूंचा फोन आला. स्पीकरवरून त्यांचा आवाज अख्ख्या घरात भरला, "सुनंदाची माय, जेवली का वो? कोनी आनलं का?"

आईने उंबऱ्याबाहेरच्या पालथ्या गंजांकडे पाहिलं. म्हणाली, "हाव. आनलं ना. साऱ्या लाइनीतून आलं. ठेवाले जागा नाई."

काकू रडायला लागल्या. "चांगले लोक भेटले वो तुमाले. मले तेच टेन्शन होतं."

फोन ठेवून आई उठली. गंज आत आणले, दार लावलं, आणि नवरा गेला त्याच दिवशी स्वतःच्या हाताने गॅस पेटवून भात टाकला. पहिला घास तिनेच मला भरवला आणि मी तिला. मला घर सोडल्याचं इतकं वाईट त्या आधी कधीच वाटलं नव्हतं, आणि मी घर सोडून बरीच वर्षं झाली होती.

माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांना हे सांगायची गरज नाही. जे अजून लाइनीत आहात, त्यांनी एवढंच करा, काकूंना यातलं काही कळू देऊ नका. त्या नळावर सगळ्यांना सांगतात म्हणे, की सुनंदाच्या मायची पुण्यातली लाइन आपल्या लाइनीपेक्षा मायेची आहे. क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब राहतं, बाबा नाहीत, परतायला जागा नाही. आईचं घर आता तेवढंच, काकूंच्या तोंडी आहे तेवढं. ते तरी झाडलेलं राहू द्या.