बाबांनी घातलेली वेणी

नातीच्या केसांना खोबरेल लावताना त्या वासानं मला अजूनही बाबांचे हात हवेसे वाटतात. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आसगावच्या आमच्या घरून आई धानाच्या रोवण्याला गेली होती. कम्युनिस्ट पुढारी आणि मजुरांच्या कथा लिहिणारे माझे बाबा ओसरीवर माझ्या वेण्या घालत होते. संप घडवल्याबद्दल त्यांना पकडायला पोलीस दारात आले.

“थांबा साहेब, पोरीची एक वेणी राह्यली,” बाबा म्हणाले.

“बाबा, लवकर करा ना, शाळेले उशीर होऊन राह्यला!” मी चिडले.

भराभर लिहिणारी ती बोटं त्या सकाळी फार सावकाश चालत होती. का, ते आज कळतं.

ते तुरुंगातून सुटून आले तेव्हा मी स्वतःच वेणी घालायला शिकले होते.

“आता माह्यं काय काम?” ते हसून म्हणाले.

मी वेणी सोडली आणि फणी त्यांच्या हातात दिली.