उपरण्याखालचा भाव

जुन्नर-आंबेगावच्या एका साप्ताहिकासाठी मी बैलबाजाराच्या बातम्या लिहितो. तिथला एक दलाल भाव कधी तोंडाने बोलत नाही. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून सांगतो. चेहऱ्यावर नुसतं हसू. विकणाऱ्याला तो एक आकडा सांगतो आणि घेणाऱ्याला दुसरा, हे मी दोघांकडून पडताळलं. छापण्याआधी त्याचं म्हणणं विचारायला गेलो.

"या, पत्रकार भाऊ! लई दिसांनी!" म्हणत त्याने माझा उजवा हात उपरण्याखाली ओढला. एकेक बोट दाबलं नाही. पाचही मुठीत धरून सावकाश आवळत गेला.

"ह्याच बोटांनी लिवता नव्हं?"

"कितीला पटलं, राव?" शेजारच्याने हसत विचारलं.

बातमी आज द्यायची आहे. आकडे बरोबर आहेत. तरी पेन उचललं की ती मूठ आवळते.